आपला थांबा आणि सर्वांची गाडी

(उत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने मला विषय दिला आहे, ‘निवडणूक : स्वार्थ आणि सार्वजनिक हित’. विषय मोठा आहे आणि मी डिप्लोमाचा माणूस. रूळ, स्लीपर, खडी आणि मोऱ्या यांत वीस वर्षे गेली. नागरिकशास्त्राचे पुस्तक शाळा सुटल्यावर उघडलेले नाही. तेव्हा रुळाच्या कडेला उभे राहून जे दिसले तेवढेच सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी केंद्र सरकारचा नोकर. कोणाला मत द्यावे आणि कोणाला देऊ नये, हे माझ्या तोंडून निघणार नाही. ज्या तीन पुढाऱ्यांची नावे आज घेणार आहे ते तिघेही आता हयात नाहीत, त्यामुळे कोणाचा प्रचार झाला अशी तक्रार करायला कोणाला जागा नाही.

निवडणूक जवळ आली की आमच्या खात्यात एका गोष्टीला पूर येतो. थांब्याच्या मागण्या. अमुक एक्सप्रेस आमच्या गावी थांबली पाहिजे. निवेदने येतात, शिष्टमंडळे येतात, कधी रुळावर बसणेही होते. मग पुष्कळदा ‘प्रायोगिक तत्त्वावर’ थांबा मिळतो. पहिल्या दिवशी इंजिनाला हार, नारळ, फोटो. प्रयोगाची मुदत संपली की ती वाढते, पुन्हा वाढते. एकदा दिलेला थांबा काढणे हे एखाद्याच्या ताटातला घास काढण्यासारखे असते, तो सहसा कोणी काढत नाही.

आता या थांब्याचा हिशेब बघा. वेळापत्रकात दोन मिनिटे लिहिलेली असतात. पण ताशी ११० किलोमीटरने चाललेली बावीस डब्यांची गाडी जागच्या जागी उभी राहत नाही. ती अलीकडून वेग कमी करत येते, उभी राहते, आणि पुन्हा मूळ वेग पकडायला काही किलोमीटर घेते. सगळे मिळून पाच-सहा मिनिटे जातात. असे दहा थांबे वाढले की एक तास गेला. गाडीत दीड हजार माणसे असली तर प्रत्येकाचा एक तास. शिवाय एकेरी मार्ग असेल तर समोरची गाडी कुठल्या तरी स्टेशनात ताटकळत उभी, तिच्यातल्या माणसांचा वेळ वेगळाच.

एवढे ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, झाले, उत्तर मिळाले. थांबा मागणारे स्वार्थी आणि गाडी वेळेवर जावी म्हणणारे सार्वजनिक हिताचे. मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. पण लाइनवर काम करताना लहान स्टेशनांवरची माणसे दिसतात. सकाळी डायलिसिसला हुबळीला जाणारा म्हातारा, कॉलेजची मुले, कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन निघालेली बाई. त्यांच्यासाठी ती गाडी थांबली नाही तर दिवस बुडतो. माझ्यासाठी ती वाटेत थांबली तर फक्त माझी झोप मोडते. गाडी कुठेही थांबू नये असे मला वाटते, कारण मी बंगळूरला चढतो आणि मिरजेला उतरतो. माझे थांबे आधीच मंजूर आहेत! माझी सोय झालेली आहे म्हणून मी तिला सार्वजनिक हित म्हणतो आणि त्यांची व्हायची आहे म्हणून तिला स्वार्थ म्हणतो.

हे एकदा लक्षात आले की निवडणुकीच्या गप्पा वेगळ्या ऐकू येतात. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत झाला. आमच्या ऑफिसात महिनाभर तोच विषय. फुकट्या सवयी लागतात, तिजोरी रिकामी होते, कराचा पैसा आमचा. बोलणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात रेल्वेचा पास होता. (सहकारी हसताहेत, म्हणजे त्यांना आठवले.) आपला पास हा नोकरीच्या अटींतला भाग आहे, तो भीक नव्हे, हे मला मान्य. पण केंगेरीहून मॅजेस्टिकला घरकामासाठी येणाऱ्या बाईचे महिन्याचे बसभाडे वाचले तर देश बुडतो आणि आपले चौघांचे तिकीट वाचले तर बुडत नाही, हे गणित मला तरी सुटत नाही. योजना बरी की वाईट यावर वाद जरूर घाला. परिवहन महामंडळांचे पैसे सरकारकडून वेळेवर येतात का, बस वाढल्या का, हे प्रश्न रास्तच आहेत. फक्त वाद घालताना आपला पास टेबलावर ठेवावा.

आता मधू दंडवते यांच्याकडे येतो. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, राजापूरचे खासदार, १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. १९७४ च्या मे महिन्यात झालेल्या रेल्वे संपात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या त्यांना त्यांनी कामावर परत घेतले. आमच्यातल्या जुन्या घरांत हे नाव अजून आदराने घेतात ते त्यामुळे. पण देशाला त्यांची आठवण राहिली ती दोन इंच फोमसाठी. तोपर्यंत दुसऱ्या वर्गात नुसत्या लाकडी फळ्या असत. दोन रात्री त्या फळीवर काढल्या की माणूस उतरताना पाठ धरूनच उतरायचा. दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानाच्या फळीवर फोम बसवायचे ठरवले. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तिच्यात पहिला वर्ग ठेवलाच नाही.

ही मागणी कोणाची होती? फोमसाठी कोणी रुळावर बसले नव्हते. त्या फळीवर झोपणाऱ्यांची संघटना नव्हती, त्यांचा मतदारसंघ नव्हता, त्यांची जात एक नव्हती. ते आज हावड्याला, उद्या मद्रासला. राजापूरला मिळाला तोच फोम राजस्थानला मिळाला. थांब्याचे तसे नसते, एकाला मिळाला की दुसऱ्याचा वेळ जातो. फोममध्ये कोणाचे काही कमी झाले नाही. खर्च झाला, तो मात्र सगळ्यांच्या तिकिटातूनच.

दंडवते राजापूरमधून १९७१ पासून सलग पाच वेळा निवडून आले. कोकण रेल्वेचा पाठपुरावा त्यांनी त्या सगळ्या काळात केला. १९९० मध्ये ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. पैशाची वाटणी ऐकण्यासारखी आहे. केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. म्हणजे गणपतीला सावंतवाडी-कणकवलीला उतरणारा चाकरमानी ज्या रुळावरून जातो त्यात कन्नडिगांचा पैसा आहे, आणि मंगळूर-उडुपीच्या माणसाच्या रुळात आपल्याकडचा. २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरपर्यंत मार्ग पुरा झाला. दंडवते मात्र १९९१ च्या निवडणुकीत राजापूरलाच हरले होते. त्यावरून कोकणी माणूस कृतघ्न असे मी म्हणणार नाही. निवडणुकीला शंभर कारणे असतात. रेल्वे तेव्हा पुरी झालेली नव्हती, आणि सात वर्षांनंतरच्या गाडीसाठी आज मत द्यायला मतदाराजवळ फार धीर लागतो.

आता फर्नांडिस यांच्यावरून बंगळूरला येऊ, कारण १९८४ मध्ये ते इथेच, बंगळूर उत्तर मतदारसंघात उभे होते आणि हरले. ज्यांनी त्यांना हरवले ते सी. के. जाफर शरीफ. पुढे रेल्वेमंत्री तेही झाले. शरीफ त्याआधी १९८० पासून रेल्वे राज्यमंत्री होते. यलहंक्याचा चाक आणि आस कारखाना, आजची रेल व्हील फॅक्टरी, १९८४ मध्ये सुरू झाला, तो बंगळूरला आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. आता याला काय म्हणाल? मंत्र्याने आपल्या शहराला कारखाना आणला, म्हणजे उघड स्वार्थ. पण त्या कारखान्याची चाके देशभर फिरतात. पूर्वी आपण चाके आणि आस मोठ्या प्रमाणावर परदेशातून आणत होतो. इथे आपल्या सभागृहात बसलेल्या किती घरांची चूल त्या कारखान्यावर पेटली, हात वर करायला सांगत नाही.

आणि त्यांचे दुसरे काम तर आपल्या मंडळींच्या फार जवळचे. माझ्या लहानपणी बंगळूरला येताना मिरजेला गाडी बदलावी लागे. मिरजेपर्यंत ब्रॉडगेज, पुढे मीटरगेज. मध्यरात्री वळकट्या, लोणच्याच्या बरण्या आणि झोपलेली पोरे घेऊन या फलाटावरून त्या फलाटावर. नुसती माणसेच नव्हे, मालही एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरायचा. शरीफ रेल्वेमंत्री असताना १९९२ मध्ये ‘युनिगेज’ म्हणजे सगळीकडे एकच रुंदीचा मार्ग करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले गेले. कर्नाटकात तेव्हा मीटरगेज पुष्कळ होती, साहजिकच इथे कामही पुष्कळ झाले, आणि मंत्री आपल्या राज्याचे बघतो अशी टीकाही झाली. असेल. पण एका रुंदीचा रूळ हा असा माल आहे की तो एका गावाला देऊन भागतच नाही. मिरजेपासून बंगळूरपर्यंत मधला एक तुकडा जरी अरुंद राहिला तरी सगळे फुकट. म्हणून मला वाटते, माणूस मुळात निःस्वार्थी आहे की नाही याचा शोध घेत बसू नये. ते काम चित्रगुप्ताचे. त्याने मागितलेली वस्तू कशी आहे ते बघावे. ती त्याच्या दारात संपते की पुढे जाते?

आता जरा नाजूक भागाकडे येतो. आपल्याच समाजाचा विषय.

नोव्हेंबर २०२० मध्ये कर्नाटक सरकारने मराठा समाजासाठी विकास प्राधिकरण जाहीर केले आणि पन्नास कोटी रुपये देण्याचे सांगितले. बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणची पोटनिवडणूक तोंडावर होती आणि तिथे मराठा मतदार मोठ्या संख्येने आहेत. कन्नड संघटना संतापल्या. ५ डिसेंबरला बंदची हाक दिली गेली. सरकारच्या बाजूने खुलासा आला की हे मराठी भाषेसाठी नाही, कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठा समाजासाठी आहे. मग प्राधिकरणाचे निगम झाले. त्याच आठवड्यात वीरशैव-लिंगायत समाजासाठीही निगमाची घोषणा झाली. पोटनिवडणूक १७ एप्रिल २०२१ ला झाली.

तेव्हा आपल्यापैकी काहींनी एकमेकांना पेढ्यांचे फोटो पाठवले होते. काहींनी बंदच्या दिवशी गाडीवरचे मराठी स्टिकर काढले. आणि ऑफिसात एक कन्नड सहकारी मला म्हणाला, “पन्नास कोटी मिळाले, आता पार्टी कधी?” मी म्हटले, “भागाकार करून माझा वाटा सांग, तेवढ्याची कॉफी पाजतो.” समाज लाखांत मोजायचा, तेव्हा माणशी काय येते ते तुम्हीच बघा.

माझे मत सांगतो, पटले नाही तर प्रश्नोत्तरांत झोडपा. बसवकल्याण, भालकी, खानापूरकडचा कोरडवाहू मराठा शेतकरी खरोखर अडचणीत आहे. त्याला कर्ज, त्याच्या मुलीला वसतिगृह मिळाले तर मला आनंदच आहे. पण त्याच्या बांधाला लागून ज्याचे शेत आहे, त्याचे आडनाव वेगळे असले तरी विहीर त्याचीही आटलेली आहे. आणि नोकरी, फ्लॅट, पेन्शन असलेले बंगळूरचे आम्ही, आम्हाला त्या पन्नास कोटींत काय हवे होते? खरे सांगायचे तर पैसा नकोच होता. आपली दखल घेतली, एवढेच हवे होते. परमुलखात राहणाऱ्या माणसाला ही भूक असते. मी तिला हसत नाही, पण निवडणुकीत तिचा भाव सगळ्यात स्वस्त लागतो. आपले एक मत, एक पोस्टर, जय भवानीची एक घोषणा, की आम्ही खूश.

दखल घ्यायचीच तर आपण राहतो तिथली घ्या की. या शहराच्या महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ एवढ्या मोठ्या शहराला निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये जुन्या पालिकेच्या जागी पाच महानगरपालिका आल्या. त्या पाच वर्षांत आपल्या समितीच्या बैठकीत यावर किती वेळा चर्चा झाली? मूर्तीच्या उंचीवर तीन वेळा झाली, मला आठवते.

मी मोऱ्यांचा माणूस आहे, म्हणून पाण्याचे सांगतो. बंगळूरची तळी एका माळेत ओवलेली आहेत. वरचे भरले की राजकालुव्यातून पाणी खालच्यात जाते. रुळाखालची मोरी बांधताना आम्ही आधी वरचे किती एकर पाणी इकडे येणार ते मोजतो. शहरात उलटे झाले. वरच्या लेआउटने नाल्यावर स्लॅब टाकला, वर पार्किंग केले. तिथल्या रहिवाशांची सोय झाली, त्यांनी करून देणाऱ्याचे आभारही मानले असतील. पाणी मात्र खालच्या लेआउटच्या तळमजल्यात. सप्टेंबर २०२२ मध्ये बेळंदूर, महादेवपुरा, आउटर रिंग रोडच्या भागात माणसे ट्रॅक्टरमधून ऑफिसला गेली ती आपण पाहिली. पाण्याला आडनाव कळत नाही आणि मतदारयादीही वाचता येत नाही. ‘स्वल्प अॅडजस्ट माडी’ म्हणून ते कोणाचे ऐकत नाही.

आणि आपण? २६ एप्रिल २०२४ ला शुक्रवारी लोकसभेचे मतदान होते. आदल्या संध्याकाळी मॅजेस्टिकला पाय ठेवायला जागा नव्हती. काही जण गावाला मतदानाला निघाले होते, पुष्कळसे सलग सुट्टी आली म्हणून कूर्गला. शहरातल्या तिन्ही मतदारसंघांत मतदान ५३ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान, आणि सगळ्या राज्यात सत्तरच्या वर. २०२३ च्या विधानसभेला आयोगाने मुद्दाम बुधवार निवडला, तरी शहर पंचावन्नच्या आसपासच घुटमळले. काही हॉटेलांनी बोटाची शाई दाखवा, डोसा फुकट असे जाहीर केले. निवडणुकीच्या कामावर असताना मी पाहिले, झोपडपट्टीतल्या केंद्रासमोर उन्हात रांग आणि सोसायटीच्या केंद्रावर कर्मचारी वर्तमानपत्र वाचताहेत. ज्या बायका रांगेत होत्या त्यांना बहुधा काहीतरी हवे होते. रेशन, घराचा पट्टा, पाण्याचा नळ. आपण त्याला मतांचा बाजार म्हणतो. पण त्या निदान आल्या होत्या.

आता शेवटचा मुद्दा, आपल्या घरातला. समितीची परवानगी घेऊन सांगतो. २०२२ च्या उत्सवाआधी महापालिकेची निवडणूक आता होणार, मग होणार असे चालले होते. एक इच्छुक गृहस्थ आले. नाव सांगत नाही. मांडव, ध्वनी, रोषणाई, सगळा खर्च मी करतो म्हणाले. कोरोनाची दोन वर्षे वर्गणी नव्हती, तिजोरीत खडखडाट. बदल्यात प्रवेशद्वारावर त्यांचा फलक आणि आपल्या सभासदांची यादी, फोन नंबरांसह.

बैठक रात्री बारापर्यंत चालली. खजिनदार म्हणाले, आपण काही त्यांना मत देण्याची शपथ घेत नाही, पैसा गणपतीच्या कामाला लागतो. त्यांचे अगदीच चुकीचे नव्हते. फलकावरही कोणी फार अडून बसले नाही. अडले ते यादीवर. एक काकू, एरवी बैठकीत फक्त चहाचे बघतात, त्या म्हणाल्या, “माझा नंबर मी आरतीची वेळ कळावी म्हणून दिलाय. तो तुम्ही कोणाला देणार म्हणजे काय?” तिथे विषय संपला. गृहस्थांना सांगितले, इतरांसारखी वर्गणी द्या, इतरांसारखी पावती घ्या. ते हसून चहा पिऊन गेले, पुन्हा आले नाहीत. त्या वर्षी मांडव निम्मा होता आणि एक दिवसाचा महाप्रसाद रद्द करावा लागला. त्या पैशातून वाचलेली वर्गणी गरजू मुलांच्या फीला देता आली असती, असे काही सभासद आजही म्हणतात, आणि त्यांना द्यायला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. गंमत म्हणजे ती निवडणूक त्या वर्षी झालीच नाही.

आता काम सांगतो आणि थांबतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांची नावे अजून गावच्या यादीत आहेत. सांगली, सोलापूर, निपाणी, बेळगाव. भावकीचा माणूस पंचायतीला उभा असतो, एका मताने काय काय होते, मला ठाऊक आहे. पण कायद्याने नाव एकाच ठिकाणी ठेवता येते, आणि ते आपण जिथे राहतो तिथे. माझे नाव मी काही वर्षांपूर्वी इकडे आणले, चुलते दोन वर्षे बोलत नव्हते. बाहेर चपलांच्या उजवीकडे टेबल मांडले आहे. पहिल्यांदाच नाव घालणाऱ्यांसाठी नमुना ६, गावाहून इकडे हलवणाऱ्यांसाठी नमुना ८. पत्त्याचा पुरावा आणि एक फोटो लागेल. भाड्याने राहणाऱ्यांनी घाबरू नये, टेबलावर आपले दोन तरुण सभासद बसले आहेत, ते कागद बघून सांगतील. आरती साडेआठला आहे, तोपर्यंत टेबल उघडे राहील.